अभिप्रायांची सावड

लग्नानंतर वहिनीचं सामान टेम्पोतून उतरलं तेव्हा सगळी आळी आमच्या अंगणात उभी होती. लोखंडी कपाट उतरलं, मिक्सर उतरला, गाद्या उतरल्या. एक काळी पिशवी मात्र ती पनवेलपासून स्वतःच्या मांडीवर घेऊन आली होती आणि ती कुणाला हात लावू देईना. शेजारच्या कुंदाकाकूने आईच्या कानात सांगितलं, "दागिने हायत गो त्यात, बघशील." आईनेही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पिशवी उघडली आणि आतून निघाला लॅपटॉप, लाल दिवे लागणारा, विटेएवढा जाड. कुंदाकाकूचा चेहरा पडला. माझा पडला नाही, उलट मी हरखले. मला वाटलं, घरात आला म्हणजे आपलाच झाला. तो आपला नाही हे मला चारच दिवसांत कळलं आणि तेव्हापासून माझं जे पोटात दुखायला लागलं ते आज वय झालं तरी पूर्ण थांबलेलं नाही.

नागावला आमची वाडी समुद्राच्या वाटेवर आहे. पुढे नारळ, मागे सुपारी, आणि मध्ये बाबांनी पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या. शुक्रवारी संध्याकाळी पाहुणे यायचे आणि रविवारी दुपारचं जेवून जायचे. ते असले की घर आमचं राहत नसे. चुलीवर सुरमई, गॅसवर आमटीचं पातेलं, कुणाला चहा बिनसाखरेचा, कुणाच्या पोराला मॅगी, किनाऱ्यावरून पाण्यातल्या बोटींची घरघर आणि त्यावरच्या लोकांच्या किंकाळ्या. सोमवार उजाडला की सगळं शांत. पंपाची मोटर, चादरी धुण्याचा आवाज, आणि अधूनमधून वाडीत धप्पकन पडणारा नारळ. आमचं खरं जेवण तेव्हा व्हायचं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, नाहीतर सुकटीची चटणी. सुकट पाहुण्यांना चालत नाही म्हणून आई ती सोमवारपर्यंत डब्यात दाबून ठेवायची. आईचं माहेर म्हसळ्याच्या आत, भातशेतीचं गाव. समुद्राच्या गावात तिचं अर्धं आयुष्य गेलं, पण तिचा जीव चिखलातच होता.

वहिनी यायच्या आधी या घरात वाचणारी म्हणजे मी. हे नुसतं म्हणायचं नाही, ती माझी जागा होती, दादाची जशी गल्ल्यामागची आणि बाबांची झोपाळ्यावरची. पाहुणे खोल्यांमध्ये चार्जर विसरतात, टॉवेल विसरतात, आणि पुस्तकंही विसरतात. चार्जर आम्ही परत पाठवायचो. पुस्तकं सहसा कुणी मागायचं नाही, मग ती माझी. इंग्रजी, मराठी, पाण्यात भिजून फुगलेली, वाळूने कचकचणारी, कुणी अर्ध्यावर सोडलेली. मी सगळी वाचली. आलेल्या माणसाला आई सांगायची, "आमची मयू फार वाचते हां," आणि मी ऐकलंच नाही असा चेहरा करून पुस्तकात डोकं खुपसून बसायचे.

त्या वाचनाचा आळीला उपयोगही होता. आमच्यासारखी पाहुणे ठेवणारी घरं आळीत बरीच होती, आणि धंदा सगळा मोबाइलवरच्या अभिप्रायांवर. चार माणसांनी बरं लिहिलं की खोल्या भरतात, एकाने "झुरळ दिसलं" लिहिलं की महिना आडवा. यावर तोड आईने काढली. तिच्या माहेरी भाताची लावणी सावडीने होते. आज सगळ्या बायका माझ्या शेतात, उद्या माझ्यासकट सगळ्या तुझ्या शेतात. मजुरी नाही, पैसा नाही, ज्याचं शेत त्याच्या घरचं जेवण. आईने तीच सावड अभिप्रायांना लावली. या आठवड्यात सगळ्या आळीने कुंदाकाकूच्या घराला चांगलं लिहायचं, पुढच्या आठवड्यात आमच्या. लिहायला अर्थातच मी. मी ठाण्याचं नवं जोडपं व्हायचे, पुण्याचे निवृत्त आजोबा व्हायचे, मुलाबाळांसकट आलेली डोंबिवलीची बाई व्हायचे. "जागा स्वच्छ, जेवण घरगुती, मालक प्रेमळ, पुन्हा नक्की येऊ." आळीत कुणालाच यात काही वावगं वाटत नव्हतं. घरं खरंच स्वच्छ होती आणि जेवण खरंच चांगलं होतं. सांगायचं एवढंच की अभिप्राय लिहिण्यात माझा हात धरणारं अलिबाग तालुक्यात कुणी नाही, अशी माझी खात्री होती.

आणि मग वहिनीने त्या लॅपटॉपवर पुस्तकांचा गेम सुरू केला.

त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, आमच्या घरात सगळे त्याला पुस्तकांचा गेमच म्हणत. सोमवारची दुपार होती. चादरी वाळत घालून वहिनी ओटीवर पाय पसरून बसली होती. मी मागून डोकावले. पडद्यावर नदीकाठचं एक जुनं ग्रंथालय होतं, आणि त्यात नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी. त्या गावात जी माणसं वारली, त्यांनी अर्धवट वाचून ठेवलेली पुस्तकं त्या ग्रंथालयात परत येतात. प्रत्येकात खूण असते. कुठे मोराचं पीस, कुठे औषधाच्या पुड्यांचा कागद. त्या मुलीने खुणेच्या पानावरून पुस्तकात शिरायचं, आतल्या जगात हिंडायचं, कोडी सोडवायची, माणसांशी बोलायचं आणि गोष्ट शेवटाला न्यायची. मग ते पुस्तक मिटून कपाटात ठेवायचं. मारामारी नाही, शर्यत नाही. मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं, आणि ते तिचं होतं.

"बस ना," वहिनी म्हणाली. "दोघी खेळू. तू वाच, मी चालवते."

मी बसले. पण "मी चालवते" हे मला डसलं. त्यानंतरच्या सगळ्या दुपारी तशाच गेल्या. तिची बोटं कळांवर, माझे डोळे पडद्यावर. एखाद्या कोड्याचं उत्तर मला आधी सुचायचं, कारण मी पुस्तकं वाचलेली. मी सांगेपर्यंत ती नुसती हिंडता हिंडता तिथे पोहोचलेली असायची. "अरे यार, हे तर सोपं होतं," म्हणायची आणि हसायची. वहिनीने आयुष्यात शाळेची सोडून पुस्तकं वाचली नव्हती, हे तिनेच सांगितलेलं. आणि पुस्तकांच्याच खेळात ती माझ्या पुढे! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं मी मनात म्हणायचे. तिच्या लॅपटॉपवर, तिच्या खेळात आयती येऊन बसलेली मीच होते, हे मला तेव्हा सुचलं नाही. जेवताना आई बिरड्याची वाटी आधी तिच्याकडे सरकवते हेही माझ्या डोळ्यांत त्याच दिवसांत सलायला लागलं.

खेळाच्या शेवटी एकच पुस्तक उरतं. ते त्या मुलीच्या आईचं असतं. खेळणाऱ्याने ठरवायचं, उघडायचं की न उघडता कपाटात ठेवायचं. मी म्हटलं, "ठेव. न उघडण्यातच गोष्टीची खरी गंमत आहे." वहिनीने कळांवरची बोटं उचलली, पुन्हा ठेवली. मग तिने उघडलं. आत काय होतं ते सांगत नाही, कुणाला अजून खेळायचा असेल. तिचे डोळे भरून आले होते आणि मला राग आला होता, माझं ऐकलं नाही म्हणून.

खेळ बनवणाऱ्यांचं नेटवर एक पान होतं. खेळाचं पहिलं प्रकरण फुकट असल्याने कुणीही खातं उघडून तिथे अभिप्राय लिहू शकायचं, आणि वाचणाऱ्याला पटला तर त्याखाली अंगठा द्यायचा. मला त्या पानाचं वेडच लागलं. जगभरचे लोक तिथे भांडत होते. एकाने लिहिलं होतं, 'पुस्तकंच वाचायची असती तर मी गेम कशाला घेतला असता.' एक म्हणत होता, नायिका माझ्या आजोबांपेक्षा हळू चालते. एकीने तक्रार केली होती की मांजर दाखवलंय पण त्याला कुरवाळता येत नाही. कुणी रडलं होतं, कुणी झोपलं होतं, कुणी पैसे परत मागत होतं. शेवटच्या पुस्तकावरून दोन तट पडले होते, उघडणाऱ्यांचा आणि न उघडणाऱ्यांचा, आणि ते एकमेकांची अक्कल काढत होते. माझ्या मते त्यातल्या एकालाही अभिप्राय म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं.

अशात बनवणाऱ्यांनी जाहीर केलं की खेळाची नवी आवृत्ती येते आहे, आणि ज्या अभिप्रायांना सर्वांत जास्त अंगठे मिळतील ते त्या ग्रंथालयात पुस्तकं म्हणून ठेवले जातील. खरी बांधलेली पुस्तकं, पाठीवर लिहिणाऱ्याचं नाव. जगात कुणीही खेळ उघडला आणि कपाटासमोर उभा राहिला की ते नाव दिसणार. हे वाचलं आणि माझी झोप उडाली. लोकांनी विसरलेली पुस्तकं वाचून मी मोठी झाले होते. त्यातल्या एकाच्याही पाठीवर नागावच्या कुणाचं नाव नव्हतं. आता एक असणार होतं, आणि ते माझं असणार यात मला शंका नव्हती. इतरांच्या नावाने इतकं लिहिलं, एकदा तरी माझ्या नावाने.

मी तो अभिप्राय लिहायला कितीतरी दुपारी घेतल्या. शब्दकोश घेऊन, इंग्रजीत. कथेची बांधणी, पात्रांचे दोष, खुणांचा अर्थ, ग्रंथालय आणि स्मृती यांचं नातं. शेवट न उघडण्याच्या बाजूने चार परिच्छेद. लिहून झाल्यावर मी वहिनीला वाचून दाखवला. "बाप रे," ती म्हणाली, "मला तर अर्धा कळलाच नाही. भारी आहे." मग म्हणाली, "मी पण लिहू का ग?" मी उदार मनाने म्हटलं, "लिही की." तिने तिथेच, मांडीवरचा तांदूळ बाजूला ठेवून साध्या इंग्रजीत लिहिलं. तांदळातले खडे काढायला तिला त्याहून जास्त वेळ लागला असेल.

तिने लिहिलं होतं ते असं: 'माझी आई गेली तेव्हा तिच्या उशाखाली एक पुस्तक होतं. खुणेला बसचं तिकीट होतं. ते पुस्तक मी अजून उघडलेलं नाही. या खेळातलं उघडलं. आता घरचंही कधीतरी उघडता येईल असं वाटतं. खेळ थोडा हळू आहे.'

बस, एवढंच. वहिनीला आई नाही हे मला माहीत होतं, लग्नात तिच्या काका-काकूंनी कन्यादान केलं होतं. ते पुस्तक मात्र मला माहीत नव्हतं. मी वाचलं आणि मनात म्हटलं, हा काही अभिप्राय नव्हे. यात खेळाबद्दल एकच वाक्य आहे.

दुसऱ्या दिवशी तिच्या अभिप्रायाखाली अंगठ्यांची रांग लागली. तिसऱ्या दिवशी लोक खाली उत्तरं लिहू लागले. ब्राझीलची एक बाई, कुठल्याशा थंड देशातला एक म्हातारा, सगळे आपापल्या आयांबद्दल सांगत होते. उघडणारे आणि न उघडणारे, दोन्ही तट तिच्या खाली येऊन रडत होते. माझ्या अभिप्रायाखाली दोन अंगठे होते. एक दादाचा, एक वहिनीचा. आणि एका माणसाने लिहिलं होतं, 'फार लांब आहे.'

माझा नुसता जळफळाट झाला. तो शब्द मी पुस्तकांतून वाचला होता, आता तो छातीत खरोखरीचा जाणवायला लागला, तिखट खाल्ल्यासारखा. वहिनी मोटर लावायची, चादरी धुवायची, पाहुण्यांना पोहे द्यायची, आणि तिकडे तिचं नाव वर वर चढत होतं. ती दिवस दिवस ते पान बघायचीही नाही. मीच तिच्या खात्याचे अंगठे मोजत बसायचे. आणि एका दुपारी माझ्या मनात जे आलं ते लिहिते, कारण या वयात लपवून कुणाला फायदा नाही. तिच्याकडे सांगायला मेलेली आई होती, आणि माझी आई ठणठणीत, मागल्या दारी नारळ सोलत होती. याचा मला हेवा वाटला.

(परवा हे माझ्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, किती घाण विचार." असेलही. पण हेवा काही आंघोळ करून येत नाही.)

मी जेवेना. बिरडं पुढे केलं तरी वाटी सरकवायचे. आईच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिने मला विचारलं नाही, दादाला विचारलं. दादा भोळा, त्याने तिला धंद्याच्या भाषेत समजावलं. "मयूने अभिप्राय लिवलाय, तो खाली पडलाय. स्नेहलचा वर गेलाय. ज्याचा वर त्याचं नाव लागणार."

"कुणी अंगठं दिलं न्हाय व्हय तिला?"

"न्हाय ना."

"एवढंच? मग सावड करू की," आई म्हणाली.

मी त्या दिवशी अलिबागला कॉलेजात होते. नंतर मला सगळ्यांनी आपापल्या तोंडून सांगितलं, त्यातून जुळवलेलं हे चित्र आहे. आईने डोक्यावर पदर घेतला आणि भर उन्हात आळीत घरोघर गेली. "माझ्या पोरीच्या शेतात हात लावा गो," असं तिने म्हणे सांगितलं. आजवर मयूने सगळ्यांचं लिवलं, आता तिची पाळी. मागून दादा मोबाइल घेऊन, तो प्रत्येकाचं खातं उघडून देत होता. अंगठा द्यायचा म्हटल्यावर कुंदाकाकू आधी दचकली. आमच्या भागात मुंबईच्या लोकांनी जमिनी कशा घेतल्या ते तिने पाहिलेलं. "अंगठा कुठं बी देते," ती म्हणाली, "सातबाऱ्यावर तेवढा न्हाय." तिला पडदा दाखवला तेव्हा दिला. वहिनी अंगणात मिरच्या वाळवत होती. काकूने तिलाही हाक मारली, "तू पन दे गो." वहिनी म्हणाली, "मी दिलाय, काकू. पहिल्याच दिवशी." आणि ती आईकडे बघत उभी राहिली, असं काकू सांगत होती. आईने त्या दिवशी सावडीच्या रिवाजाप्रमाणे सगळ्या आळीला आमच्या अंगणात जेवायला घातलं. भात, वालाचं बिरडं आणि तळलेले बोंबील. मी घरी आले तर उष्ट्या पत्रावळी उचलणं चाललं होतं, आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघून नवरीकडे बघावं तशा हसत होत्या.

आळी नुसत्या अंगठ्यांवर थांबली नव्हती. सावडीत आपण हात राखत नाही. माझ्याखाली अंगठे देऊन झाल्यावर प्रत्येकाने खेळालाही चार शब्द चांगले लिहिले होते, इतकी वर्षं माझंच ऐकून पाठ झालेले. मी पान उघडलं आणि बघतच राहिले. पुस्तकांच्या त्या गेमला, जगभरच्या रडणाऱ्या-भांडणाऱ्या लोकांच्या मध्ये, आमची आळी सांगत होती, 'जागा स्वच्छ आहे. जेवण घरगुती.' 'मालक स्वभावाने चांगले. गाडी लावायला जागा आहे.' 'मुलांना आवडेल. पुन्हा नक्की येऊ.' कुंदाकाकूच्या नावाने होतं, 'किनारा चालत पाच मिनिटांवर.'

खोटं कशाला बोलू, वर माझे अंगठे वाढलेले दिसले तेव्हा क्षणभर मला बरंच वाटलं. संध्याकाळपर्यंत मी वहिनीच्या खालोखाल आले होते.

सकाळी पान उघडलं तर मी नव्हतेच. आळीची सगळी खाती बंद केली होती, त्यांचे अभिप्राय गेले होते, आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो माझा अभिप्रायही. खेळवाल्यांचा निरोप आला होता. एकाच ठिकाणाहून एकाच दिवशी बनावट खाती उघडून फसवणूक केल्याबद्दल तुमचं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. वहिनीचं खातं जुनं होतं, तिचा अभिप्राय जिथल्या तिथे होता.

आई गॅसपाशी घावणे घालत होती. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि घर डोक्यावर घेतलं. "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? हे काय भाताचं शेत आहे? काही कळत नाही तर गप्प बसायचं! माझं नाव लागणार होतं, तू घालवलंस!" नाव लागणार नव्हतं, दोन अंगठ्यांवर कुणाचं लागतं? पण त्या वेळी मला तसंच वाटत होतं. आईने तव्यावरचा घावणा उलटला. "सावड केली गो," एवढंच म्हणाली. "तू जेवत न्हवतीस." मग परडीतला नारळ घेऊन मागल्या दाराला गेली. घावणा तव्यावर करपला.

वहिनीने गॅस बंद केला. मला वाटलं, आता समजूत घालेल. ती कधी कुणावर आवाज चढवत नसे.

"परत आईंना असं बोललीस ना," ती म्हणाली, "तर बघ." तिने करपलेला घावणा तव्यावरून खरवडून काढला. "काल त्या घरोघर फिरत होत्या. उन्हात. कुणाकडे तरी स्वतःसाठी कधी काही मागितलंय का त्यांनी? तुझ्यासाठी पदर पसरला. मी मिरच्या सोडून बघत होते नुसती. यार, मयू, मी आयुष्यात कुणावर इतकी जळले नाही जितकी काल तुझ्यावर जळले."

माझ्यावर? 

"तुला माझे अंगठे पाहिजेत ना? घे सगळे. कपाटातलं नाव पण घे. मला तुझी आई दे. चल, करायची अदलाबदल?"

एखाद्या चांगल्या पुस्तकातल्या मुलीने इथे वहिनीला मिठी मारली असती. मी मारली नाही. मी तिच्याकडे बघत उभी राहिले आणि, देवा, मी क्षणभर खरंच विचार केला. मग मागल्या दारातून कोयत्याचा आवाज आला, नारळ फुटला, आणि मी शहारले. "नाही," म्हटलं, आणि तिथून निघून गेले.

आईशी मी दोन दिवसांत बोलायला लागले. आईशी अबोला धरला तर मागायची भाकरी कुणाकडे? वहिनीशी बोलणं मात्र कामापुरतं उरलं. तिने माझं दुखणं माझ्या तोंडावर सांगितलं होतं, आणि वर स्वतःचंही सांगून माझ्याहून मोठी झाली होती. माझ्या हेव्यातसुद्धा ती माझ्या पुढे गेली.

नवी आवृत्ती आली ती एका सोमवारी. वहिनीला बनवणाऱ्यांचा निरोप आला होता, पण ती लॅपटॉप उघडायला तयार नव्हती. दादानेच उघडला आणि ओटीवर ठेवला. आई कामं आटपून पदराला हात पुसत येऊन बसली. वहिनी जरा लांब, खांबाला टेकून. पडद्यावर ते नदीकाठचं ग्रंथालय उघडलं. एक नवं कपाट होतं, काचेच्या दाराचं. त्यात हिरव्या कापडात बांधलेलं एक पातळ पुस्तक, आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत वहिनीचं नाव. लग्नानंतरचं, आमचं आडनाव लावलेलं.

"आमचं नाव गो," आई म्हणाली. "काय लिवलंय आत? मयू, वाच."

आईला इंग्रजी येत नव्हतं. घरात कुणाला काही वाचून दाखवायचं असलं की ते काम माझं, त्यात कुणाला विचारायची गरजच नव्हती. दादाने पुस्तक उघडलं. मी वाचायला सुरुवात केली, एकेक वाक्य मराठीत करून. "माझी आई गेली तेव्हा तिच्या उशाखाली एक पुस्तक होतं." मला इतकी वर्षं वाचायची सवय, आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं हे आपोआप व्हायचं. "खुणेला बसचं तिकीट होतं." मला ते वाईट वाचायचं होतं, पण वाईट वाचताच येईना. ती वाक्यं फार चांगली होती. ती मला सुचली नव्हती आणि सुचणारही नव्हती, हे मला माझ्याच आवाजातून ऐकू आलं. "खेळ थोडा हळू आहे," हे शेवटचं वाक्य वाचलं आणि मी थांबले.

 आईला ते पुस्तक, ते तिकीट यातलं काही ठाऊक नव्हतं. सून घरात येऊन वर्ष होत आलं होतं. तिने वहिनीकडे पाहिलं, मग उठली, आत जाऊन खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली आणि पाय पसरून बसली.

"इकडं ये गो. बस खाली. केस बघ कसं झालंत."

"अहो आई, राहू द्या, मी लावते नंतर."

"अहो-बिहो काय लावलंस सारखं. ही म्हणते तसं म्हण मला." आणि आईने हनुवटीने माझ्याकडे खूण केली, जसं काही ते माझ्याकडून उसनं घ्यायचं भांडं होतं आणि मला विचारायचीही गरज नव्हती.

वहिनी खांबापासून उठली. आईच्या पुढ्यात पाठ करून बसली, गुडघे पोटाशी घेऊन. आईने तिचा अंबाडा सोडला, तळहातावर तेल ओतलं आणि टाळूवर जिरवायला लागली, मला लहानपणापासून लावायची तसंच, जरा जोरात, डोकं हलेपर्यंत. वहिनी आधी ताठ बसली होती. मग तिची मान हळूहळू मागे गेली. "ए आई," ती इतक्या हळू म्हणाली की दादाला ऐकूही गेलं नसेल, "दुखतंय ग."

मला ऐकू गेलं. पडद्यावर ते सोनेरी नाव अजून दिसत होतं. त्या घडीला ते कुणी फुकट माझं करून दिलं असतं तरी मी घेतलं नसतं. मी सरकत आईच्या जवळ गेले आणि तिच्या दुसऱ्या गुडघ्याला टेकून बसले. तिने माझ्याकडे बघून हूं केलं. पण आईला हात दोनच, आणि दोन्ही वहिनीच्या केसांत होते.